क्वागा गेला, झेब्रा राहिला

इंग्रजी मुळाक्षरांचा तक्ता पहिलीच्या वर्गाच्या भिंतीवर लावलेला असतो. त्याच्या अगदी शेवटच्या घरात एक प्राणी उभा असतो. घोड्यासारखा, पण अंगभर काळेपांढरे पट्टे. खाली लिहिलेले असते, झेड झेब्र्याचा. मुलाला तो प्राणी पाठ होतो, पण भेटत मात्र नाही. आपल्या रानात तो नाही आणि आपल्या गोष्टींतही नाही. मोठेपणी शहरात गेल्यावर रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांना त्याचे नाव दिलेले दिसते, एवढीच काय ती ओळख.

पण मुले गप्प बसत नाहीत. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. झेब्रा पांढरा, वर काळे पट्टे, की काळा, वर पांढरे? त्याला पट्टे कशाला? त्याच्यावर बसता येतं का? गाडीला का जुंपत नाहीत? शिक्षक बंधुभगिनींनो, हे प्रश्न तुम्हांलाही विचारले गेले असतील. मी प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे, इतिहासाचा आहे. तरीही हे प्रश्न मला जवळचे वाटतात, कारण त्यांच्यामागे एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक हानी आहे.

पट्टे खरे की रंगवलेले, ही शंका फार जुनी आहे. प्राचीन रोममध्ये या प्राण्याला ‘घोडा-वाघ’ अशा अर्थाचे नाव होते. कॅराकॅला या बादशहाच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी, रोमच्या आखाड्यात हत्ती, गेंडा आणि वाघ यांच्याबरोबर असा एक ‘घोडा-वाघ’ही मारला गेल्याची नोंद आहे. रोमनांना तो ठाऊक झाला तो असा, मारण्यापुरता.

आपल्या देशातली नोंद याहून गोड आहे. इ. स. १६२१ मध्ये जहांगीर बादशहापुढे हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने, एक झेब्रा आणला गेला. जहांगीर मोठा चौकस. आपल्या आत्मचरित्रात त्याने त्या जनावराच्या नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंतच्या पट्ट्यांचे वर्णन केले आहे. डोळ्यांभोवतीची बारीक काळी रेघसुद्धा त्याच्या नजरेतून सुटली नाही. दरबारातल्या काहींना वाटले, हे नक्कीच कुणीतरी रंगवून आणले आहे. तेव्हा बादशहाने नीट तपास करविला आणि खात्री झाली की हा रंग माणसाचा नव्हे, निर्मात्याचाच. मग त्याने उस्ताद मन्सूर या आपल्या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. खुद्द झेब्रा मात्र इराणच्या शाह अब्बासकडे नजराण्यात पाठवायचे ठरले.

त्याच सुमारास आपल्या दख्खनेत मोगलांशी झुंजत होता मलिक अंबर. तोही मूळचा हबसाणातलाच. हबसाण आणि हिंदुस्थान यांमधली समुद्रवाट त्या काळी किती वाहती होती, हे यावरून ध्यानात यावे. त्या वाटेने माणसे आली, घोडे आले आणि एक झेब्राही आला.

आता मुलांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ. झेब्र्याचे केस भादरले तर खालची कातडी काळी निघते. आईच्या पोटात वाढत असताना केसांना काळा रंग देणाऱ्या पेशी काही पट्ट्यांत काम करतात, काही पट्ट्यांत थांबतात. जिथे थांबतात तिथे केस पांढरे उगवतात. म्हणून झेब्रा मुळात काळा आणि पांढरे पट्टे वरचे, असे म्हणणे अधिक बरोबर. प्रत्येकाच्या पट्ट्यांची रचना वेगळी असते, जशी आपल्या अंगठ्याची रेघोटी.

झेब्र्याच्या आज तीन जाती आहेत आणि तिन्ही आफ्रिकेतल्याच. पहिला मैदानी झेब्रा. पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या गवताळ मैदानांत हा सर्वांत अधिक. २०१६ च्या अंदाजाप्रमाणे त्यांची संख्या पाच लाखांच्या घरात होती. दुसरा डोंगरी झेब्रा, दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या खडकाळ मुलखातला. तिसरा ग्रेव्हीचा झेब्रा, सर्वांत मोठा. याचे पट्टे बारीक आणि कान मोठे, गोल. याला नाव मिळाले ते फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झ्यूल ग्रेव्ही यांचे. हबसाणातून त्यांना एक झेब्रा भेट आला होता, आणि १८८२ साली शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की ही जात निराळी आहे. हा आता मुख्यतः केनियाच्या उत्तरेस आणि थोडा इथिओपियात उरला आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते पंधरा हजारांच्या आसपास होते, आज तीन हजारांच्या आसपास आहेत.

मैदानी झेब्रा राहतो कसा? त्याचा संसार शेतकऱ्याला चटकन समजेल असा आहे. एक नर, तीन-चार माद्या आणि त्यांची शिंगरे, एवढे एक कुटुंब. त्यातल्या माद्या वर्षानुवर्षे एकत्र राहतात. चालताना बहुधा जुनी मादी पुढे असते आणि नर मागे राहून राखण करतो. ज्यांना अजून कुटुंब नाही असे तरुण नर आपला निराळा घोळका करून हिंडतात. अशी शेकडो कुटुंबे एकत्र आली की मैदानावर हजारोंचा कळप दिसतो. पण जवळून पाहाल तर त्या गर्दीतही प्रत्येक घर आपले वेगळे.

मादी सुमारे बारा-तेरा महिने गाभण असते. शिंगरू जन्मल्यावर तासाभरात आपल्या पायांवर उभे राहून पळू लागते. न पळून सांगतो कुणाला? सिंह आणि तरस वाटच पाहत असतात. पहिले काही दिवस आई इतर झेब्र्यांना शिंगराजवळ येऊ देत नाही. आईचे पट्टे, तिचा वास, तिचा आवाज त्याच्या डोक्यात पक्का बसावा, यासाठी ही खबरदारी.

खाणे म्हणाल तर गवत, गवत आणि गवत. पण यातही एक मर्म आहे. गाय-बैल रवंथ करतात, झेब्रा करीत नाही. तो घोड्याच्या घराण्यातला. रवंथ करणारे जनावर थोड्या चाऱ्यातून पुष्कळ सत्त्व काढते, पण त्याला चारा बरा लागतो. झेब्रा जून, राठ, उंच वाढलेले गवतही चालवून घेतो. मात्र मग त्याला दिवसरात्रीतला बराच वेळ चरावे लागते. टांझानियाच्या सेरेंगेटी मैदानात दरवर्षी पावसामागोमाग लक्षावधी जनावरांचे स्थलांतर चालते. त्यात झेब्रे वरचे राठ गवत खाऊन पुढे सरकतात, आणि मागून विल्डबीस्ट नावाची रवंथ करणारी रानजनावरे येऊन खालचे कोवळे गवत खातात. एकाच पानात दोघांचे जेवण, आणि भांडण नाही.

आता पट्टे कशासाठी? या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात डार्विन आणि वॉलेस या दोन थोर शास्त्रज्ञांचेही एकमत नव्हते. वॉलेस म्हणत, अंधुक उजेडात पट्ट्यांमुळे जनावर लपते. डार्विनना ते पटत नव्हते. उघड्या मैदानावर पट्टे लपवणार कसे? अलीकडच्या संशोधनाने बोट दाखवले आहे ते भलत्याच शत्रूकडे. तो शत्रू सिंह नव्हे, माशी! जिथे चावऱ्या माश्यांचा उपद्रव मोठा, तिथल्या घोडावर्गीय प्राण्यांवर पट्टे ठळक, असे २०१४ च्या एका अभ्यासात दिसून आले. २०१९ मध्ये इंग्लंडात साध्या घोड्यांना पट्ट्यापट्ट्यांच्या झुली घालून पाहिले. झुलीवर गोमाश्या फारशा उतरू शकल्या नाहीत, उघड्या डोक्यावर मात्र पहिल्याइतक्याच बसल्या. त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले, तर त्यांना माश्यांचे चावे जवळजवळ निम्म्याने कमी झाले. जवळ येताच माशीची नजर पट्ट्यांनी चकते आणि तिला नीट उतरता येत नाही, असा याचा अर्थ लावतात. गोठ्यात शेपटी मारमारून थकलेली गाय ज्याने पाहिली आहे, त्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाही. आफ्रिकेत या माश्या प्राणघातक रोग पसरवतात.

हाच रोग पुढच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. झेब्र्याला गाडीला का जुंपत नाहीत? बरं का, प्रयत्न पुष्कळ झाले. युरोपीय लोक आफ्रिकेत शिरले तेव्हा त्यांचे घोडे त्सेत्से माशीच्या रोगाने पटापट मरू लागले. झेब्रा मात्र त्याच मुलखात धडधाकट. मग याच्यावरच खोगीर का घालू नये? आजच्या टांझानियात जर्मनांचे राज्य होते तेव्हा त्यांनी झेब्रे पकडून शिकवण्याचे प्रयोग केले. स्कॉटलंडमध्ये युअर्ट नावाच्या प्राध्यापकांनी १८९० च्या दशकात झेब्रा आणि घोडी यांचा संकर करून पाहिला. लंडनमध्ये वॉल्टर रॉथशिल्ड या धनिकाने तर झेब्रे जुंपलेली गाडी भररस्त्यातून राजवाड्यापर्यंत हाकली.

म्हणजे जमले म्हणायचे? नाही. इथे एक भेद ध्यानात घ्या. माणसाळलेले जनावर वेगळे आणि पाळीव जनावर वेगळे. एखादा झेब्रा माणसाळतो, पण जात पाळीव होत नाही. झेब्रा भडकला की चावतो, आणि चावला की लवकर सोडत नाही. त्याची लाथ सिंहाचा जबडा मोडू शकते. लाखो वर्षे सिंहाच्या शेजारी राहून त्याला जगवले ते याच भडकूपणाने. घोडा माणसाच्या हाताखाली आला त्याला चार हजारांहून अधिक वर्षे झाली, आणि तितक्या पिढ्या माणसाने सोशीक घोडे निवडून वाढवले. तेवढी सबुरी झेब्र्याच्या बाबतीत कुणापाशी नव्हती. शिवाय पुढे मोटार आली आणि गरजच संपली.

झेब्र्याने माणसाची गुलामी पत्करली नाही, हे ऐकून मुलांना आनंद होतो. पण मग त्यांना हेही सांगितले पाहिजे की सगळेच झेब्रे सुटले नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीच्या आसपासच्या आणि तिच्या दक्षिणेकडच्या कोरड्या माळांवर एक झेब्रा राहत असे. त्याचे नाव क्वागा. डोके, मान आणि खांदे पट्ट्यांचे, मागे पट्टे विरत जाऊन अंग नुसते तपकिरी, पाय आणि शेपूट पांढरी. जणू रंगवणाऱ्याने अर्ध्यावर काम सोडले. तिथल्या मूळच्या खोईखोई लोकांनी त्याला नाव दिले ते त्याच्या ओरडण्यावरून. ‘क्वा-हा-हा’ असा त्याचा आवाज. आपण नाही का कावळ्याला त्याच्या ‘काव काव’वरून ओळखत, तसेच.

१६५२ मध्ये डच लोकांनी केपला वसाहत केली. हळूहळू त्यांचे शेतकरी आत सरकत गेले. त्यांच्या मेंढ्यांना गवत हवे होते, आणि ते गवत क्वागा खात होता. शेतावरच्या गड्यांना मांस हवे होते, ते क्वागाचे मिळत होते. धान्याला पोती हवी होती, ती क्वागाच्या कातड्याची शिवता येत होती. पुढे कातड्यांचा व्यापारच सुरू झाला. त्यातले काही शेतकरी एखादा क्वागा आपल्या गुरांत राखणीलाही ठेवीत, कारण परके जनावर आले की तो आधी ओरडे. म्हणजे उपयोग कळला होता. पण बंदूक हातात आणि कळप डोळ्यांसमोर. संपेल असे कुणाच्या मनातही आले नाही.

१८२० च्या सुमारास स्कॉटलंडच्या लॉर्ड मॉर्टन यांनी क्वागा पाळण्याचा बेत केला. त्यांना नर मिळाला, मादी मिळेना. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पुढे एक मादी होती. जिवंत क्वागाची जी काही छायाचित्रे जगात आहेत ती तिचीच. ती १८७२ मध्ये मेली. रानातले अखेरचे क्वागा त्याच दशकात मारले गेले असावेत. आणि १२ ऑगस्ट १८८३ रोजी हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात एक क्वागा मादी मेली. सोळा वर्षे ती तिथे होती. ती पृथ्वीवरची शेवटची होती, हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हते.

असे कसे झाले? कारण साधे आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते विसरू नये असे आहे. केपचे शेतकरी कुठल्याही झेब्र्याला ‘क्वागाच’ म्हणत. पट्टे अंगभर असोत की अर्धे, नाव एकच. तेव्हा ‘क्वागा आहेत का?’ असे विचारले की उत्तर येई, आहेत की, पुष्कळ आहेत! एक नाव दोघांना पुरले आणि त्या नावाआड एकजण संपला. १८८६ मध्ये केपच्या सरकारने क्वागाला संरक्षण देणारा कायदा केला. तेव्हा शेवटच्या मादीला मरून तीन वर्षे झाली होती.

आज जगभरच्या संग्रहालयांत पेंढा भरलेले तेवीस क्वागा उरले आहेत. १९८४ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे शास्त्रज्ञांनी जुन्या कातड्याला चिकटून राहिलेल्या मांसाच्या तुकड्यांतून क्वागाचे डीएनए, म्हणजे आनुवंशिकतेचे मूळ द्रव्य, मिळवले. नष्ट झालेल्या प्राण्याच्या बाबतीत हे जगात पहिल्यांदाच घडले. त्यावरून आणि पुढच्या संशोधनावरून कळले की क्वागा ही स्वतंत्र जात नव्हती, तो मैदानी झेब्र्याचाच एक पोटभेद होता. गंमत पाहा, शास्त्रात नाव देताना जे आधी दिले गेले ते टिकते. क्वागाचे नाव आधीचे. त्यामुळे आज साऱ्या मैदानी झेब्र्यांचे शास्त्रीय नाव ‘एक्वस क्वागा’ आहे. ज्या नावाने घात केला, तेच नाव आता हयात भावंडे चालवीत आहेत.

राइनहोल्ड राउ यांनी १९८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एक खटाटोप आरंभला. कमी पट्ट्यांचे झेब्रे निवडायचे, त्यांची पैदास करायची, आणि पिढ्यांमागून पिढ्या क्वागासारखे दिसणारे जनावर मिळवायचे. राउ २००६ मध्ये वारले, पण काम चालू राहिले, आणि मागे तपकिरी, पट्टे विरलेले झेब्रे जन्मालाही आले. हा क्वागा परत आला का? दिसायला आला, असे म्हणता येईल. पण त्या कोरड्या माळावर हजारो वर्षांत जे काही त्याने कमावले होते, ते रंगाबरोबर परत आले असे कोण सांगेल? वाडा पडल्यावर तसाच दरवाजा पुन्हा बसवता येतो, घराणे बसवता येत नाही.

पण वेळीच मोजले तर काय होते, याचाही दाखला त्याच देशात आहे. केपचा डोंगरी झेब्रा क्वागाच्याच वाटेवर होता. १९३७ मध्ये क्रॅडॉक गावाजवळ त्याच्यासाठी राखीव उद्यान केले. पहिली थोडी जनावरे टिकली नाहीत. मग १९५० मध्ये शेजारच्या एका शेतकऱ्याने आपल्या रानातली अकरा जनावरे दिली, आणि त्यांतून उद्यानातला कळप पुन्हा उभा राहिला. तेव्हा त्या झेब्र्यांची एकूण संख्या शंभराच्याही आत होती, आज ती काही हजारांवर गेली आहे. ज्या हातांनी मारले तसल्याच हातांनी राखलेही, एवढे त्या शेतकऱ्याकडून शिकावे.

दुसरा दाखला बोत्स्वानाचा. तिथे गुरांना लाळ्या-खुरकुताची लागण होऊ नये म्हणून १९६८ मध्ये एक लांबच लांब कुंपण घातले. त्यामुळे झेब्र्यांची स्थलांतराची वाट अडली. २००४ मध्ये कुंपण निघाले. रानातला झेब्रा जगतो वीसेक वर्षे, म्हणजे जुनी वाट पाहिलेला एकही जनावर तेव्हा हयात नसणार. तरी थोड्याच वर्षांत झेब्रे पुन्हा त्या वाटेने, जाऊन येऊन साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक, चालू लागले. कुंपण गुरांच्या हितासाठी होते, ते काही दुष्टपणाने घातलेले नव्हते. पण कुणाची वाट अडते ते पाहावे लागते, आणि काढता आले तर काढावेही लागते.

झेब्र्याचा एक चुलतभाऊ आपल्याही देशात आहे. कच्छच्या छोट्या रणातले रानगाढव. १९६० च्या सुमारास रोगांच्या साथींनी त्याची दाणादाण उडाली. त्यांतला एक रोग होता सर्रा, तोही चावऱ्या माश्यांनीच पसरणारा. दशकाच्या अखेरीस मोजणीत चारशेही भरले नाहीत. १९७३ मध्ये अभयारण्य झाले, मोजण्या होत राहिल्या, आणि २०२४ च्या मोजणीत त्यांची संख्या साडेसात हजारांवर गेली. मोजले म्हणून कळले, आणि कळले म्हणून वाचले.

शिक्षकहो, तक्त्यातला झेब्रा शिकवताना त्याच्या या हरवलेल्या भावाची गोष्टही मुलांना सांगा. मग त्यांना आपल्याच गावाकडे वळवा. आपल्याकडे बिबट्या शिरला तरी गावभर होते, ‘वाघ आला!’ खोकड दिसली तरी पोरे ओरडतात, ‘कोल्हा, कोल्हा!’ दोन जनावरांना एक नाव पुरते. केपच्या शेतकऱ्यांनाही पुरले होते. मुलांना एका वहीत लिहू द्या : आपल्या शिवारात कोणकोणती जनावरे दिसतात, आजोबा त्यांना काय म्हणतात, आजोबांच्या लहानपणी त्यांतली किती दिसत, आणि आता किती. नावे नेमकी, आकडे खरे. दरवर्षी नव्या वर्गाने ती वही पुढे चालवावी. एखाद्या ओळीतला आकडा उतरू लागला, तर तो निदान वेळेवर कुणाच्या तरी ध्यानात येईल.